आमच्या भुयारातला चौथा

माझ्या नणंदेचं लग्न ठरलं तेव्हा ती रडली नाही. साखरपुड्यात नाही, मांडवातही नाही. रडली ती लग्नाच्या आदल्या दुपारी, आमच्या नांदेडच्या घरातल्या कॉम्प्युटरसमोर बसून. घरभर पाहुणे, अंगणात मांडववाले बांबू ठोकत होते आणि ही हेडफोन गळ्यात अडकवून मला म्हणाली, "वहिनी, आता भुयारात तुमच्या पुढं कोण चालंल?" एवढं म्हणाली आणि तिला हुंदका फुटला. सासूबाईंना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून पोरगी रडतेय. ते खरंच होतं. माहेराचा एक तुकडा त्या भुयारातही होता, हे मात्र त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं.

भुयार म्हणजे आमच्या गेममधलं. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, पण गेम खेळायला मला शिकवलं तिनं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा नवरा दिवसभर कामावर, सासूबाई देवपूजेत आणि शेजाऱ्यांत. माझ्याशी बोलायला ही एकच होती. तिनं मला खुर्चीत बसवलं आणि एक जग उघडून दाखवलं. ऑनलाइन गेम होता तो. कुठकुठली हजारो माणसं एकाच वेळी त्या जगात वावरत असतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं. वर जंगलं, गावं, बाजार, जमिनीखाली भुयारं. भुयारात राक्षस असतात, खजिना असतो. खेळणारी पोरं त्याला डंजन म्हणतात, आम्ही भुयारच म्हणायचो. ती तलवार घेऊन पुढं चालायची, मी धनुष्यबाण घेऊन मागं. मला पुढं जायची भीती वाटायची, खेळातसुद्धा.

तिला दिलं ते लातूरचं घर आमच्यासारखंच लिंगायत. लिंगपूजा झाल्याशिवाय चहाला तोंड न लावणारी सासू, बाजारपेठेत जुनं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आणि त्याच दुकानावर राहतं घर. तिच्या नवऱ्याला आम्ही दाजी म्हणायचो. दाजी शांत. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न टाकणारे. बोलले तर इतकं हळू, की समोरच्यानं आपोआप पुढं झुकावं. आमच्याकडची सगळी म्हणायची, पोरीनं नशीब काढलं.

मी फोन केला की तिच्या बाजूला तिच्या सासूबाई बसलेल्या असायच्या. मग ती नुसती "हाव... हाव... बरं हाय" करायची. तिचा आवाज ओळखीचा असूनही तिचा वाटायचा नाही. म्हणून आम्ही गेमकडे वळलो. तोपर्यंत तो फोनवरही खेळता यायला लागला होता. दुपारी जेवणं उरकली की तिच्या सासूबाई आडव्या व्हायच्या, दाजी खाली गल्ल्यावर असायचे. माझं कॉलेज सकाळचं, त्यामुळं मीही तेव्हा घरी. ती वरच्या खोलीत कानाला इअरफोन लावून बसायची आणि हळू आवाजात, राक्षसांच्या धबडग्यात, आम्ही आमचं सगळं बोलून घ्यायचो.

त्या गेममध्ये भुयारं दोन तऱ्हेची आहेत. एक उघडी. उघड्या भुयारात कुणीही शिरू शकतं. तुम्ही राक्षसाशी लढत असताना शेजारून अनोळखी माणूस चालत जातो, मदत करतो, नाहीतर तुम्हालाच मारून खजिना घेऊन पळतो. दुसरी बंद. बंद भुयारात चौघांची टोळी करून जायचं. तुमची टोळी दारातून आत गेली की भुयाराची एक वेगळी प्रत फक्त तुमच्यासाठी तयार होते. त्याच वेळी त्याच भुयारात आणखी शेकडो टोळ्या असतील, पण कुणी कुणाला दिसत नाही, कुणी कुणाकडे येऊ शकत नाही. दार लागलं की आत तुम्ही चौघं आणि राक्षस. वर्गातल्या पोरांना मी हे शिकवते तेव्हा म्हणते, एक आठवडी बाजार आहे आणि एक लॉजची खोली. पोरं हसतात.

आम्हाला बाजार आवडायचा. तिथंच आम्हाला काका भेटले. धर्माबादला मिरचीची आडत असलेला, पन्नाशी उलटलेला माणूस. पोराच्या फोनवर गेम बघता बघता स्वतःच नादी लागलेला. एकदा एका वळणावर आम्ही दोघी राक्षसांच्या घोळक्यात सापडलो, तेव्हा हा माणूस भलामोठा हातोडा घेऊन मध्ये घुसला आणि माइकवरून ओरडला, "पोरीहो, मागं सरका, मागं! हे माझं गिऱ्हाईक हाय!" त्याच्या बोलण्यात निम्मी तेलुगू मिसळलेली आणि आवाज मिरचीनं कायमचा बसलेला. त्या दिवसापासून आम्ही तिघं झालो.

करडा झगा घातलेलं ते पात्र पहिल्यांदा कुणाला दिसलं, ते आता सांगता यायचं नाही. बहुतेक मलाच, कारण मी मागं असते आणि मागून सगळं दिसतं. हातात हत्यार नव्हतं. डोक्यावर झग्याची टोपी ओढलेली. भुयाराच्या खांबाला लागून ते उभं होतं. उघड्या भुयारात असे कितीतरी जण उभे असतात. कुणी फोन ठेवून जेवायला गेलेलं असतं, कुणाचं नेट गेलेलं असतं. मी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही खालच्या मजल्यावर गेलो, तर ते तिथं होतं. त्यानंतरच्या दिवशी आम्ही मुद्दाम वेगळ्याच भुयारात शिरलो. थोड्या वेळानं बघते तर मागच्या वळणावर करडा झगा. ते लढत नव्हतं, खजिना उचलत नव्हतं. आम्ही थांबलो की थांबायचं, आम्ही निघालो की निघायचं.

"फालतू माणूस दिसतो," नणंद म्हणाली. "वहिनी, तुम्ही खामखा फिकीर करून राहिल्या."

पण मग माझ्या लक्षात आलं की ते आमच्या मागं नाही, तिच्या मागं आहे. एकदा तिला पाहुणे आले म्हणून ती आली नाही. मी आणि काका दोघंच बराच वेळ भुयारात होतो. करडा झगा कुठंच नव्हता. पुढच्या वेळी ती आली, आणि ती आल्यावर पाण्याचा घोट घ्यावा एवढ्यात खांबाजवळ तो उभा होता.

काकांना राग आला. त्यांनी जाऊन त्याला हातोड्यानं मारलं. त्यानं उलटा हात उचलला नाही. मेला. गेममध्ये मेलं की माणूस भुयाराच्या तोंडाशी पुन्हा जिवंत होतो. तिथून तो चालत आला, त्याच खांबाला लागून उभा राहिला. काकांनी पुन्हा मारलं. तो पुन्हा चालत आला. तिसऱ्या वेळी काकांनी हातोडा खाली घेतला. मग म्हणाले, "हे बरं न्हाई, पोरी. मार खाऊन बी जो चिडत न्हाई, त्याचं काम येगळंच असतं."

त्या आठवड्यात त्यानं पहिल्यांदा काहीतरी केलं. आम्ही एका अरुंद बोळात होतो. एका बाजूनं भिंत, दुसऱ्या बाजूनं खड्डा. मागून गडगड असा आवाज आला. मी वळून बघितलं तर करडा झगा पळत येत होता आणि त्याच्यामागं अख्ख्या मजल्यावरचे राक्षस. त्यानं ते सगळे डिवचून गोळा करून आणले होते. तो आमच्यामधून निघून गेला आणि घोळका आमच्यावर कोसळला. मी मेले, काका मेले, शेवटी ती मेली. पडलेल्या पात्राला आपण मेल्यावरही थोडा वेळ बघू शकतो. मी बघत होते. राक्षस पांगले. करडा झगा हळूहळू चालत परत आला, तिच्या पडलेल्या पात्राच्या डोक्याशी उभा राहिला आणि त्या इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्क्रीनवर त्याची दोन शब्दांची ओळ उमटली.

"घरी जा."

मराठीत. देवनागरीत. त्या जगात जिथं सगळे इंग्रजीत नाहीतर तुटक्या हिंदीत लिहितात, तिथं हे. भर उन्हाळ्याची दुपार, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, कूलर भसभसत होता आणि मला उठून दाराची कडी बघावीशी वाटली.

"आता उघड्यात जायचं न्हाई," मीच म्हणाले. काका कुरकुरले. त्यांना बाजाराशिवाय करमायचं नाही. पण तेही आले. आम्ही बंद भुयारांत जायला लागलो.

बंद भुयाराला चौथा माणूस लागतो, आणि तो जखमा भरून काढणारा असेल तर उत्तम. खेळणारे त्याला हीलर म्हणतात. आम्ही गेमच्या फळ्यावर तसं टाकलं. लगेच एकाचा निरोप आला. पांढऱ्या पोशाखातलं पात्र, हातात काठी. लिहिलं होतं, माइक खराब आहे, बोलता येणार नाही, ऐकू सगळं येतं. मी त्याची थोडी माहिती काढली. चांगला खेळायचा, कुणाशी भांडण नव्हतं, महाराष्ट्रातलाच होता. आणखी काय बघायचं असतं?

तो फार चांगला हीलर निघाला. नणंदेला ओरखडा उठायच्या आत तिची जखम भरलेली असायची. आधी ती, मग काका, मग मी. पुढं चालणाऱ्याला आधी जपायचं असतं, म्हणून त्यात मला वावगं वाटलं नाही. दार लागलं की आत आम्ही चौघं. करडा झगा कितीही शोधत फिरो, इथं त्याला येता येणार नव्हतं. पहिल्यांदा दार लागलं तेव्हा नणंद मोठ्यानं हसली. किती दिवसांनी हसली होती.

तो बोलत नसल्यामुळं आम्ही त्याला विसरत गेलो. घरात फ्रिज चालू असतो आणि त्याचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, तसं झालं. ती आत मोकळं बोलायची. सासूबाईंच्या खोड्या, मला ऐकवायच्या म्हणून साठवलेल्या. लातूरच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची जागा निघाली होती. तिनं घरी न सांगता अर्ज केला, आपला नंबर दिला, तेही ती आतच बोलली. "नोकरी लागली की मग सांगते. आधी सांगितलं तर शंभर सवाल," असं ती म्हणाली. काकांनी तिला शाबासकी दिली. हीलरनं टाळ्या वाजवायचं चिन्ह टाकलं.

ज्या आठवड्यात शाळेचा फोन यायचा होता, त्याच आठवड्यात दाजींनी तिचा फोन दुरुस्तीला नेला. कधीतरी पडून काच तडकली होती, तिची तिलाही आठवण नव्हती. फोन परत आला तोवर जागा भरून गेली होती. मग ती म्हणाली, दिवाळीआधी काही दिवस नांदेडला येते, सासूबाई हो म्हणाल्यात. निघायच्या सकाळी त्याच सासूबाईंचे गुडघे असे धरले की त्या उठेनात. मग एकदा, भुयारात, राक्षस मारता मारता, ती मध्येच थांबून म्हणाली, "वहिनी, एक विचारू? तुमच्या बदलीचं तुम्ही दादाला सांगितलं न्हाई ना अजून?"

"न्हाई. तुलाच सांगितलं. परवा, इथंच. का?"

"काल जेवताना हे म्हणाले, वहिनींची बदली झाली तर आईला नांदेडला एकटं ऱ्हावं लागंल. मी म्हणलं, कुणी सांगितलं? तर म्हणाले, तूच की."

"मग तूच सांगितलं असशील."

"असंल," ती म्हणाली. जरा वेळानं पुन्हा म्हणाली, "असंल बाई."

तिच्या आवाजातलं ते दुसरं "असंल" माझ्या मनातून जाईना. माणूस स्वतःवरचा भरवसा असा हळूहळू सोडतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी लातूरला जायचा योग आला. दाजींच्या चुलत घरी वास्तुशांत होती. मी आणि माझा नवरा सकाळच्या गाडीनं गेलो. कार्यक्रम आटोपून दुपारी जेवायला नणंदेच्या घरी. दाजी स्वतः वाढत होते. माझ्या ताटात पुरणपोळी ठेवता ठेवता त्या हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, तुम्ही पहिल्यापासून मागंच ऱ्हाता. लांबून बाण मारता. पुढं यायला शिका."

मी हसले. सगळेच हसले. त्यांना वाटलं, मी पंगतीत शेवटी बसले म्हणून म्हणाले. पोळीचा घास माझ्या तोंडात तसाच फिरत राहिला. मी नणंदेकडे बघितलं. ती तूप वाढत होती, तिनं ऐकलं नव्हतं.

जेवणं झाली. माझा नवरा त्याच्या जुन्या मित्राला भेटायला गेला, तिच्या सासूबाई आत जाऊन पडल्या, दाजी दुकानात उतरले. नणंद मला वरच्या खोलीत घेऊन गेली. पलंगावर मांडी घालून, कितीतरी वर्षांनी शेजारी शेजारी बसून आम्ही गेम उघडला. काका धर्माबादहून आलेच. हीलरनंही लगेच होकार दिला. दार लागलं.

आम्ही अर्ध्या वाटेत असू, तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला. त्या गल्लीत त्यांच्या कंपनीच्या कार्डाला रेंजच नाही, म्हणून घरात सगळं वायफायवर. लाईट गेली की वायफाय गेलं. माझं कार्ड दुसऱ्या कंपनीचं, ते अडखळत चालू होतं.

"गेलं माझं," ती म्हणाली आणि फोन मांडीवर टाकून पदरानं वारा घ्यायला लागली.

मी माझ्या स्क्रीनकडे बघत होते. तिचं पात्र तलवार उगारून तसंच थिजलं होतं. डोक्यावर नेट तुटल्याचं लाल चिन्ह आलं होतं. आणि तिच्या मागं काठी वर करून हीलरही थिजलेला. त्याच्याही डोक्यावर तेच लाल चिन्ह. दोघांचं एकाच क्षणी. काका एकटेच हातोडा फिरवत होते आणि माझ्या फोनमधून विचारत होते, "काय झालं? दोघं बी मेले का जिते हाईत?"

"पाणी पिऊन येते," असं म्हणून मी माझा माइक बंद केला आणि फोन हातात घेऊन उठले. घरातूनच एक अरुंद जिना दुकानाच्या मागच्या बाजूला उतरतो. मी चप्पल न घालता उतरले.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बाहेरचं ऊन शटरच्या आतपर्यंत आलं होतं आणि मागचा भाग अंधारा होता. भिंतभर ताटल्या, पातेली, डबे एकावर एक. दाजी माझ्याकडे पाठ करून स्टुलावर उभे होते. एका हातात त्यांचा फोन होता, दुसऱ्या हातानं ते राउटरची वायर काढून इन्व्हर्टरच्या बोर्डात लावत होते. घाई होती त्यांना. त्यांना घाई करताना मी कधी बघितलं नव्हतं. राउटरचा हिरवा दिवा लुकलुकला, मग स्थिर झाला. ते स्टुलावरच फोनकडे बघत थांबले.

माझ्या हातातल्या स्क्रीनवर लाल चिन्हं गेली. नणंदेच्या पात्राची तलवार खाली आली. हीलरची काठी हलली.

दाजींचा अंगठा उजवीकडे सरकला. हीलर उजवीकडे सरकला.

बहुतेक माझ्या फोनमधून काकांचा आवाज बाहेर आला असावा, कारण ते वळले. त्यांनी आधी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग माझ्या फोनकडे. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. ते सावकाश उतरले, स्टूल जागेवर सरकवलं आणि गिऱ्हाइकाला म्हणावं तसं म्हणाले, "बसा, वहिनी."

मी बसले नाही. "कधीपासून?"

"पहिल्यापासून म्हणा की."

"तो करडा झगा—"

"मीच." ते गल्ल्यामागं जाऊन बसले. "ती दुपारी दार लावून हसायची. खालपर्यंत ऐकू यायचं. माझ्यापुढं कधी तशी हसली न्हाई. कुणाशी हसती ते बघावं वाटलं. बघितलं. पण तिथं कोण बी येतं, कोण बी जातं. मी एकटा कुठं कुठं नजर ठेवणार? म्हणून म्हणलं, घरी जा. तुम्ही आत गेलात, बरं झालं. आत चौघंच. कोण हाय, काय बोलतंय, सगळं मालूम."

"तिच्या शाळेचा फोन—"

"तिला नोकरीची काय गरज हाय, वहिनी?" आवाज तितकाच हळू. मी नकळत पुढं झुकले होते ऐकायला, ते लक्षात येऊन मागं सरले. "मी तिला कधी हात लावला? कधी वाकडं बोललो? तुम्ही बघितलंय आत. तिच्या अंगावर एक ओरखडा उठू दिला का मी?"

फोनमधून नणंदेचा आवाज येत होता. "वहिनी, आलं माझं नेट! कुठं गेल्या तुम्ही? हीलरदादा, चला, पुढं चला."

दाजींनी खाली बघून अंगठा हलवला. माझ्याशी बोलत असतानाच त्यांनी तिला सावरलं. मग वर न बघता म्हणाले, "तिला सांगू नका. खुश हाय ती."

मी जिना चढले. पायऱ्या चढताना मला मागं वळून बघायची हिंमत झाली नाही. ती पलंगावर बसली होती, डोळे स्क्रीनवर. मी तिच्या हातातून फोन घेतला, माइक बंद केला आणि सांगितलं. एका दमात सांगितलं, कारण थांबले असते तर सांगता आलं नसतं.

ती ओरडली नाही. तिनं विचारलं, "कुठला? पांढरा?" मी मान हलवली. ती भिंतीकडे बघत बसली. ती आत काय काय बोलली होती ते एकेक करून तिच्या चेहऱ्यावरून जाताना मला दिसत होतं. शाळा. गुडघे. बदली. आणि मला न सांगितलेलंही काही असेल, कारण एका ठिकाणी तिनं डोळे घट्ट मिटले. मग म्हणाली, "म्हणजे मी विसरत नव्हते."

"न्हाई. तू काही विसरत नव्हतीस."

"मला वाटाय लागलं होतं, माझं डोकं फिरलंय."

पलंगावरचा तिचा फोन उजळला. हीलरनं लिहिलं होतं: थांबलात का? आम्ही दोघी त्या ओळीकडे बघत राहिलो. खाली, आमच्या पायांखालच्या दुकानात, एखादं भांडं सरकल्याचा आवाज झाला.

तिनं बॅग भरायला फार वेळ घेतला नाही. माझा नवरा परत आला तेव्हा आम्ही तयार होतो. त्याला वाटेत सांगते म्हटलं. तिच्या सासूबाई दारात आल्या, "अगं, न सांगता न सवरता?" म्हणाल्या. ती पाया पडली. खाली दाजी उभे होते. गल्लीतल्या लोकांसमोर ते हसऱ्या तोंडानं म्हणाले, "जा की. मी कुठं अडवलंय?" आणि आमच्यासाठी त्यांनी स्वतः रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला, बस स्टँड, नांदेडची गाडी. तेवढं बघून मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

पुढं दोन्हीकडची मोठी माणसं बसली. आमच्या नांदेडच्या बैठकीत, चहाचे कप मध्ये. मी सांगितलं, तिनं सांगितलं. उदगीरचे एक जाणते पाहुणे सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे त्यानं बायकोसंगं गेम खेळला. त्यात झालं काय?" त्यांनी तिला विचारलं, मारतो का? न्हाई. पितो का? न्हाई. बाहेर काही भानगड? न्हाई. "मग?" त्यांना खरोखर कळत नव्हतं, त्यांच्या मनात वाईट नव्हतं. दाजी मान खाली घालून बसले होते. शेवटी ते एवढंच म्हणाले, "माझं चुकलं असंल तर गेम सोडतो." सगळ्यांना वाटलं, मिटलं.

"मला जायचं न्हाई," नणंद म्हणाली.

"का, ते तरी सांग, बाई."

तिनं समोरचा चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "मी त्या घरात परत गेले तर मला कधीच कळणार न्हाई, की आत्ता खोलीत कोण हाय." बहुतेकांना ते समजलं नाही. माझ्या सासूबाईंना मात्र समजलं असावं. त्या उठल्या, तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि बैठक उठेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

ती आमच्याकडेच आहे. नांदेडला एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. कागदोपत्री अजून काही झालेलं नाही. मोठी माणसं अधूनमधून फोन करतात, अजून राग गेला नाही का म्हणून विचारतात. पहिले काही महिने तिनं गेम उघडला नाही. मग एका रविवारी तीच म्हणाली, "चला वहिनी, बाजारात." आम्ही उघड्या भुयारात गेलो. तिथं लोक आम्हाला मारतात, लुटतात, कधी वाचवतात. मी अजूनही मागंच असते आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाकडे बघत असते.

काकांना सगळं सांगायचं राहिलं होतं. हीलर नाहीसा झाला एवढंच त्यांना माहीत होतं, आणि ते त्याची आठवण काढायचे. शेवटी मीच फोन करून सांगितलं. पलीकडून नुसता आडतीतला गलका ऐकू येत होता.

"काका?"

"हाय, हाय." मग म्हणाले, "पोरी, तो मला येगळा, दोघांतलाच निरोप लिहायचा. रोज. मी बी लिहायचो. बोलत न्हाई तो, म्हणून माणसाला बरं वाटतंय, सगळं सांगावं वाटतंय. माझ्या पोरीची सोयरीक लातूरलाच चालली होती. पाहुण्यांचं नाव, गल्ली, सगळं लिहिलं होतं मी त्याला. पोरीला आधी एक ठिकाण झालं होतं, ते मोडलं, ते बी. तेवढं त्या पाहुण्यांना आम्ही सांगितलं नव्हतं."

"मग?"

"मग काय. पाहुण्यांनी पसंती दिली होती. आणि एकदम गप झाले. फोन बी उचलंनात."

मी म्हणाले, त्याचा काही संबंध नसेल. काका म्हणाले, "नसंल." मग त्यांनी मला हळूच विचारलं, की त्याला मीही कधी असा वेगळा निरोप लिहिला होता का.